ओल्या लादीची नोंद

रुग्णाने कर्मचाऱ्याला इजा केली, असे परळच्या आमच्या रुग्णालयात कधीच घडत नसे. निदान अपघात-नोंदवहीत तरी घडत नसे. कोणाचा दात पडो, कोणाचे बोट मोडो, कारण एकच लिहायचे: ओल्या लादीवरून पाय घसरला. ही तिथली प्रथा होती, आणि नोंदी करणारा कारकून मी होतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लाठ्या खाऊन आलेला एक तरुण वॉर्डात होता. चादर बदलणारी आया तापाच्या भरात त्याला पोलीस वाटली. त्याने तिचा हात पिरगळला; मनगट मोडले. मी नेहमीचे वाक्य इंग्रजीत लिहिले. मोर्चांना मीही जात असे. त्या पोराकडे बोट दाखवले जाऊ नये, असे मलाही वाटले होते, हे लपवत नाही.

आठवड्याने तिला नोटीस आली: लादी ओली ठेवण्याच्या निष्काळजीपणाबद्दल कामावरून का काढू नये? वॉर्डाची लादी तीच पुसत असे. लिहिताना हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

हात गळ्यात बांधून ती माझ्या टेबलाशी आली. "भाऊसाहेब, वहीत काय लिवलात, ता मराठीत वाचा."

मी वाचले.

"म्हणजे मोडलेल्या हाताक मीच जबाबदार? पोरगो तापात होतो, तेका दोष नाय. पण मगे माका कित्याक?"

मूळ अक्षरे वाचता येतील अशी एकच रेघ मी त्या नोंदीवर मारली आणि खाली मराठीत लिहिले: "रुग्णाने ग्लानीत हात पिरगळल्याने मनगट मोडले. वरील नोंद खोटी असून ती मी केली आहे." सही केली.

हेडक्लार्क कडाडले, "अहो, चळवळीतल्या पोरावर आळ घेता? वर स्वतःच खोटं लिहिल्याची कबुली! वकील झालात की काय?"

"इजेचे कारण लिहिणे म्हणजे आळ घेणे नव्हे. काढायचेच असेल, तर खोटे लिहिणाऱ्याला काढा."

हेच मी अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने कळवले; उत्तर येईना, तेव्हा दर सोमवारी कळवत राहिलो. अखेर तिची नोटीस मागे घेतली गेली आणि माझ्या सेवापुस्तकात ठपका आला. तो पुसून घेण्यासाठी अर्ज करा, असे अनेकांनी सुचवले. मी केला नाही, करणारही नव्हतो. त्या ठपक्यात माझी दुरुस्त नोंद शब्दशः उतरवलेली आहे. रुग्णाच्या हातून आयेचे मनगट मोडले, हे त्या रुग्णालयाच्या सहीशिक्क्यानिशी सांगणारा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही.