बसने घुसळलेलं दूध

बँकेतून रिटायर झाल्यावर दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, आता घरात स्वस्थ बसेल असं वहिनीला वाटलं होतं. पण तो सरगूरच्या पुढे डोंगरावरच्या एका वाडीत कुणाच्या तरी लग्नाला गेला आणि तिथलं दूध पिऊन वेगळाच माणूस होऊन परतला.

"असलं दूध म्हैसूरनं बघितलेलंच नाही!"

वाडीत घरटी एक-दोन बुटक्या गायी. सगळ्यांचं उरलेलं दूध एकत्र करून म्हैसूरला आमच्या कुवेंपुनगरात विकायचं, असं त्यानं ठरवलं. वहिनी म्हणाली, "अय्यो, सुम्ने, गपचूप बसा की घरात!" पण ऐकतो कोण?

पहिला कॅन वाडीतून जीपनं दगडाधोंड्यांवर आपटत सरगूरला उतरला आणि तिथून बसनं आमच्याकडे आला. फाटकाशी गल्लीतली माणसं पातेली घेऊन उभीच होती. दादानं थाटात झाकण उघडलं. आत निळसर, पाण्यासारखं दूध आणि त्यावर पिवळे गोळे तरंगत होते.

"हे काय?" समोरच्या रिटायर्ड मास्तरांनी चष्मा पुसत विचारलं.

"मलई," दादा म्हणाला.

"मलई गोल असते?"

दुसऱ्या दिवशी कॅन आणायला दादा स्वतः गेला. बसमध्ये जागा मिळाली ती नेमकी शेवटच्या सीटवर. त्यानं कॅन मांडीवर घेऊन घट्ट कवटाळला. कंडक्टर म्हणाला, "याचं पूर्ण तिकीट की अर्धं?" प्रत्येक खड्ड्याला दादा आणि कॅन जोडीनं वर उडत होते. घरी येऊन बघतो तर कालचे छोटे गोळे परवडले. आज नारळाएवढा एकच निघाला.

वहिनीनं गोळा धुतला, गरम डोसे घातले, त्यांवर लोणी ठेवलं आणि एक ताटली मास्तरांकडे पाठवली. सकाळी मास्तर डबा घेऊन हजर.

"दूध नको. ती गोल मलई आहे का?"

दूध इथवर पोचत नाही, हे वाडीत जाऊन सांगणं भाग होतं. दादानं मला सोबत नेलं. वाटभर तो काय बोलायचं ते घोकत होता. जिच्या गायी सर्वांत जास्त दूध द्यायच्या, त्या अक्काच्या ओसरीवर बसून त्यानं कन्नडमध्ये लांबलचक प्रस्तावना केली.

अक्का मधेच म्हणाली, "म्हणजे आमचं दूध तुमची बस घुसळते?"

ती हसत हसत उंबऱ्यावर बसली. मग तिनं शेजारणींना हाक मारली, आणि दादाला बसमधला सगळा प्रकार उड्या मारून पुन्हा दाखवावा लागला. शेवटी तोही पोट धरून हसायला लागला.

"लोणी आम्ही इथंच काढतो," डोळे पुसत अक्का म्हणाली. "ताक आम्हाला लागतंच. तुम्ही लोणी न्या."

आता ओल्या फडक्यात गुंडाळलेले लोण्याचे डबे येतात. बसनं खुशाल उडावं. मास्तर पहिले गिऱ्हाईक. "पहिल्यापासून लोण्याचाच विचार होता," असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. तेव्हा वहिनी आत निघून जाते आणि स्वयंपाकघरातून तिचं हसणं बाहेर ऐकू येतं.