दीड कट्ट्याची माय

माझा विद्यार्थी रत्नपाल शाळेत पूर्ण तासभर एका जागी बसलेला मी पाहिला नाही. बाक डुगडुगला की कागदाची घडी करून पायाखाली सारायचा, मग ती जाड झाली म्हणून काढायचा, पुन्हा सारायचा. आता तो नागझिऱ्याच्या अभयारण्यात गाइड आहे. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात इतर गाइड झाडाखाली आडवे होतात. हा फाटकाशी येरझारा घालतो.

उन्हाळ्याआधी त्याने रायपूरहून लांबच्या प्रवासाची एक जुनी मोटारसायकल आणली. सौंदडला आमच्या घरासमोरच त्याचं अंगण. आई सुमनबाईंना घेऊन डोंगरगडला जायचं, एवढ्यासाठीच ही गाडी. तिथे त्यांची थोरली बहीण प्रेमिला अंथरुणाला खिळली होती. रेल्वेने जायचं तर गोंदियाला गाडी बदलताना पूल चढावा लागतो आणि सुमनबाईंचे गुडघे चार पायऱ्यांनाही तयार नव्हते.

पहिल्याच दिवशी देवरीच्या रस्त्यावर घात झाला. मागचा शॉकअप एकट्या माणसापुरता सैल होता. गतिरोधकावर गाडी मागून खाली बसली, धाडकन आपटली आणि सुमनबाईंच्या कमरेत कळ भरली. त्या कितीतरी दिवस खाटेवर पडून होत्या. गाडीचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करायच्या. तिकडून निरोप येत होते, प्रेमिलाबाईंचं बोलणंही आता कमी झालं होतं.

तेव्हापासून रत्नपालच्या हातात एक वाकडा पाना आला. शॉकअपच्या स्प्रिंगखाली खाचांची एक कडी असते. ती फिरवली की स्प्रिंग आवळते, मागे जड माणूस बसला तरी गाडी दबत नाही. आवळायची किती, हे ठरवायला त्याने धान वापरलं. मागच्या सीटवर एक भरलेला कट्टा, म्हणजे धानाचं पोतं, आणि वर अर्धा बांधून तो गावभर फिरला. येऊन कडी आवळली, पुन्हा फिरला. जेवता जेवता उठून पाना घेई. दीड कट्टाच का, असं मी विचारलं, तर म्हणाला, “माय दीड कट्ट्याचीच हाय, गुरुजी. लहानपणी मले काखेत घेऊन डोक्यावर रोवणीच्या पऱ्याचा भारा वाहे.”

धान घेऊन गाडी लोण्यासारखी चालू लागली. मग मोठ्या मिनतवारीने सुमनबाईंना ओट्यावरून सीटवर बसवलं आणि गल्लीतून फिरवून आणलं. दुखलं का, तर म्हणे नाही. पण उतरताना ओठ दाताखाली होते. ते मलाही दिसलं, त्यालाही. त्याने कडी आणखी आवळली. दुसऱ्या फेरीत त्या प्रत्येक खड्ड्यावर सीटवरून उडाल्या.

समीक्षा, त्याची बायको, धान पाखडत होती. ती सुपावरून नजर न उचलता म्हणाली, “पोतं रोज उचलून राहिले तुम्ही. माईले कधी उचललं का?”

“मंजे?”

“मी उचलतो रोज, आंघोळीले. उचलून पाहा.”

सुमनबाई नको नको म्हणत असतानाच त्याने त्यांना गाडीवरून दोन्ही हातांवर घेतलं. घेतलं आणि तसाच उभा राहिला. जोर लावायच्या तयारीने ताणलेल्या दंडांना वजन लागलंच नव्हतं.

“ठेव गा खाली,” त्या म्हणाल्या. “लोक पाहून राहिले.”

त्याने त्यांना ओट्यावर बसवलं. एक कट्टाही भरल्या नसत्या. धानाची पोती त्याने स्वतःच घरात नेऊन टाकली आणि मग कडी सैल करत राहिला. एक खाच, सीट दाबून पाहणं, आणखी एक खाच.

उन्हं उतरायच्या आधी मायलेक त्या गतिरोधकापर्यंत जाऊन येतो म्हणून निघाले. समीक्षाने भात टाकला. भात निवला. ती रस्त्यापर्यंत जाऊन आली, मग मी जाऊन आलो. दिवे लागले तेव्हा तिचा फोन वाजला. रत्नपाल डोंगरगडहून बोलत होता. गतिरोधक ओलांडून तो गाडी वळवायला लागला, तर माय मागून म्हणाली होती, “काऊन वळवून राहिला? प्रेमिलाबाई वाट पाहून राहिली तिकडे.”

बहिणी आता एकाच खाटेवर होत्या, अंगावरच्या लुगड्यानिशी गेलेली माय काही उठायचं नाव घेत नव्हती. रस्ता चांगला गेला, पण चिचोल्याजवळ गाडी जराशी उडाली, येताना अर्धी खाच कमी करून पाहतो, असं त्याचं चालूच होतं. तेवढ्यात फोनमध्ये त्याच्या मागून सुमनबाईंचा आवाज आला.

“त्याले म्हणा, तो पाना ठेव अन् जेव.”