अर्ज न करणारा माणूस

दुष्काळाच्या आदल्या हंगामातली गोष्ट. मी कोपरगावकडे साखर कारखान्यात पॅनवर होतो, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरतात तिथं. भरपगारी रजा हक्काची होती. पण रीत अशी, की हंगामात कामगारानं साहेबाच्या केबिनची पायरी चढायची नाही. अर्ज पाळीच्या मुख्याकडे द्यायचा, तो साहेबाच्या कानावर घालणार. आमच्या मुख्याला सगळे दादा म्हणत. मी तर त्याला थोरला भाऊच मानायचो. डोंबलाचा भाऊ!

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, खर्ड्याला गेली होती. मेव्हण्याचं कार्ड आलं. मुलगी झाली, पण लई अशक्त हाय, तोंड बघून जावा. मी उभ्या उभ्या चार दिवसांचा अर्ज लिहून दादाच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी पाठीवर हात ठेवून दादा म्हणाला, "साहेब न्हाई म्हनतोय. मी लई भांडलो तुझ्यासाठी. हंगाम उरकू दे." आपल्यासाठी कुणी भांडलं म्हणून उलट मलाच भरून आलं.

नवव्या दिवशी दुसरं कार्ड आलं. पोरगी गेली होती, मातीही देऊन झाली होती. आता जाऊन कुणाचं तोंड बघायचं? मी पाळीवर गेलो.

गाळप संपलं त्या दिवशी साहेबानं सगळ्यांसमोर मला शाल-नारळ दिला. म्हणाला, "या माणसानं अख्ख्या हंगामात रजेचा एक अर्जसुद्धा केला नाही!" टाळ्या वाजवायला दादा सगळ्यांत पुढं.

गोडाऊनमागे गाठून त्याची गचांडी धरली. "माझा अर्ज कुठंय?"

"तुला सोडला असता तर पॅनवर कोन हुतं? दाना बिघडला असता, बोलनी मला बसली असती. आन् पोरगी जाईल हे मला काय ठावं?"

केसानं गळा कापला मेल्यानं! मी हात उगारला आणि तसाच खाली घेतला. का घेतला, याचा मला अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवशी खर्ड्याला पोचलो. बायकोचं रडून संपलं होतं. तांब्या पुढं ठेवून तिनं एवढंच विचारलं, "चार दिस बी सोडलं न्हाई. साहेब येवढा वाईट हाय का वो?"

मी "व्हय" म्हणालो. दादाचं सांगितलं असतं, तर तिनं पुढचं विचारलं असतं, मग तुमी सोता का न्हाई गेला साहेबाकडं? केबिन माझ्या पॅनपासून शंभर पावलांवर होती.