दुनियेत दुसरा नाही असा नंबर

दुकानदाराजवळ दोन गोष्टी आपोआप साचतात: न खपलेले माउस आणि किस्से. माउस स्कीममध्ये फुकट देऊन टाकता येतात. किस्से मात्र गिऱ्हाईकच गावभर वाटत फिरतात, तेही तिखटमीठ लावून! म्हणून म्हटलं, दुसऱ्याच्या तोंडून खाली मान घालून ऐकण्यापेक्षा आपणच सांगून टाकावे.

गोंदियात माझं कम्प्युटरचं दुकान आहे. शिक्षण म्हणाल तर उघडून, बिघडवून शिकलेलं.

*

प्रत्येक कम्प्युटरमध्ये सिस्टिम टाकत बसायचा मला भारी कंटाळा. मी शक्कल काढली. एक कम्प्युटर नीट तयार करायचा आणि त्याची डिस्क जशीच्या तशी बाकीच्यांत उतरवायची.

दुकानातला मेकॅनिक किसन देवरीकडचा, घरी धानाची शेती, म्हणजे वाफ्यात पऱ्हे टाकायचे आणि रोपं उपटून बांध्यांत रोवायची. तो म्हणाला, "हे तर रोवणंच झालं भाऊ! एकाच पऱ्ह्यातली रोपं साऱ्या बांध्यांत!"

मी खूश! पण सिस्टिम टाकताना ती स्वतःसाठी एक लांबलचक नंबर बनवते, दुनियेत दुसरा नसेल असा, आणि त्यावरूनच तिला बाहेरचे कम्प्युटर ओळखतात, हे मला कुठं माहीत? डिस्कसोबत मी तो नंबरही रोवत सुटलो होतो.

*

तिरोड्याच्या एका शाळेत आम्ही लॅब लावली. एका पोरानं परीक्षेचा पेपर उघडला की शेजारच्याचा बंद! हेडसरांनी मला बोलावलं. "काय हो, साऱ्या वर्गानं एकाच नावानं हजेरी दिली, तर मी हजर कोणाला धरू?"

मला काही कळेना. पण दुकानदार गप्प कसा राहणार? मी म्हणालो, "सर, तुमच्या गावात व्होल्टेज कमी आहे."

सर खिडकीशी गेले, पडदा बाजूला सारला आणि गावच्याच वीजकेंद्राची धुराडी मला दाखवली!

*

मग इंटरनेटवर शोधून मूळ सापडलं. वेगळा नंबरच पाहिजे ना? देऊ की! डोळे मिटले आणि कीबोर्डवर बोटं नाचवली. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. संध्याकाळी ताडून पाहिले, तर दोघांचा नंबर पुन्हा एकच! डोळे मिटले तरी माझी बोटं दुकानाचाच मोबाईल नंबर मारत होती.

किसन म्हणाला, "काऊन भाऊ, रिचार्ज मारून राहिले का?"

*

शेवटी हेल्पलाइनला फोन लावला. तिकडचा इंजिनीअर अदबीनं म्हणाला, "सर, तो नंबर आपण बनवायचा नसतो. एक कमांड द्या, सिस्टिम स्वतः बनवते. क्षणाचं काम."

"मग मी दिवसभर काय करून राहिलो?"

"काय केलंत?"

मी सांगितलं.

"सर, एक मिनिट. फोन स्पीकरवर टाकतो. आता पहिल्यापासून सांगा ना!"

आणि मागून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

*

जेवताना बायकोला समजावलं, की हा आकडा एवढा अफाट असतो, की न विचारता, न मोजता काढला तरी दोघांचा एक निघत नाही.

ती वाढता वाढता म्हणाली, "म्हणजे जे साऱ्या दुनियेत होत नाही, ते तुमच्या दुकानात झालं!"

*

मग गावोगाव फिरून नंबर बदलले. नवेगाव बांधच्या रस्त्यावरची एक राइस मिल तेवढी राहिली. तक्रार नव्हती, म्हटलं कायले हात लावायचा?

मिलमध्ये दोन वजनकाटे, दोन्हींवर माझेच कम्प्युटर. पुढच्या गेटवर धान यायचं, मागच्यावरून तांदूळ जायचा. नंबर एकच, म्हणून ऑफिसच्या सिस्टिमला दोन्ही काटे एकच वाटायचे. मागच्याची नोंद पुढच्याच्या नोंदीवर बसायची आणि पुढची गायब! सेठजींनी ठरवलं, पुढचा काटेवाला देवाजी नोंदी पुसून गाड्या खातो. मला फोन आला, "आके एक बार देख लो, फिर इसको निकालता हूँ।"

मी पोचलो तेव्हा देवाजी डबा पिशवीत भरून स्टुलावर बसला होता. दोन्ही नंबर पाहिले आणि माझे कान तापले. दुरुस्ती केली आणि साऱ्या स्टाफसमोर म्हणालो, "सेठजी, देवाजीनं काही केलं नाही. चूक माझी आहे. माझ्या कॉपीमुळं नोंदी गेल्या."

सेठजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "देखो! इसको बोलते हैं दिल! गरीब की नौकरी के लिए अपने सिर ले रहा है।"

"नहीं सेठजी, सच में..."

"बस, बस। चोर है, पर आपकी बात रख लेता हूँ।"

मी जितक्या शपथा घेतल्या, तितका मोठा होत गेलो. देवाजीची नोकरी राहिली. चहा आला, तो माझ्या एकट्यासाठी.

काही दिवसांनी मिलचा प्रिंटर बदलायला गेलो, तर देवाजी काट्यावरून उठून आला. "भाऊ, तुमी माह्यासाठी खोटं बोलले. इतकं कोणी करत नाही."

"देवाजी, ते खोटं नव्हतं गा..."

"राहू द्या जी."

त्यानं शर्टाच्या खिशातून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. पाहतो तर कीबोर्डचं डिलीटचं बटन!

"न कळत माह्याच हातानं दबत असन, म्हणून उपटूनच टाकलो. तवापासून एकबी गाडीची नोंद गेली नाही, भाऊ!"