अक्कांचा पक्ष

"इथं रांग आहे, तिथं बिल आहे. काय सोसतं ते ठरवा." धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात कुणी कुरकुरलं, की अक्का एवढंच म्हणत आणि हातातली सुई अशी उंच धरत, की माणूस लगेच ठरवून टाकी.

अक्का शिंदखेड्याकडच्या. अपघात विभागाच्या मुख्य सिस्टर. मी त्याच मजल्यावर एक्स-रे काढायचो. आमचा पंखा फिरत नसे, संडासाला कडी नव्हती, आणि लिफ्ट बहुधा बंद पडण्यासाठीच बसवली होती. पण बाहेरच्या कुणी नावं ठेवली, तर सासरची अब्रू झाकावी तशा अक्का ते झाकायच्या. मग आत येऊन त्याच कडीवरून मोठ्या साहेबांना फैलावर घ्यायच्या. साहेब त्यांना पाहून जिना बदलत, हे तुम्हीही तिथं असता तर पाहिलं असतं.

पाचव्या गल्लीत एका शेठचं कापडाचं दुकान होतं. अक्का ब्लाउजपीस घ्यायला गेल्या, की वाद ठरलेला.

"सरकारी दवाखाने खासगीवाल्यांना देऊन टाका, सिस्टर. शिस्त येईल."

"त्यापेक्षा तुमचं दुकान सरकारला देऊ. निदान रांग तरी लागेल."

एका दुपारी गोदामात शेठना साप चावला. घरच्यांनी त्यांना चकचकीत दवाखान्यात नेलं. तिथं सापाच्या विषावरची लस नव्हती. चिठ्ठी लिहून त्यांनी शेठना आमच्याकडे धाडलं. अक्कांनी चिठ्ठी वाचायच्या आधीच शीर शोधली.

"स्पेशल रूम आहे का?" घामाघूम शेठनी विचारलं.

"आहे ना. या खाटेलाच आम्ही स्पेशल रूम म्हणतो."

ड्यूटी संपली तरी अक्का शेठच्या उशाशी बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी शेठ उठून बसले आणि म्हणाले, "सिस्टर, इथला पंखा मी बसवून देतो."

"नको. पंखा सरकारनंच द्यायचा. तुम्ही आमच्या मागणीच्या अर्जावर सही करा."

शेठनी सही केली. पंखा मात्र अक्का निवृत्त झाल्यावर आला.

पुढं त्यांच्याच पोटात गाठ निघाली. आमच्याकडे सर्जनची जागा रिकामी होती. मुलगा जळगावला राहायचा, त्यानं तिथल्या खासगी दवाखान्यात भरती केलं. ऑपरेशनच्या आधी मी भेटायला गेलो ते चिडवायच्या तयारीनंच.

"काय अक्का, पक्ष बदलला?"

त्या हसल्या. मग हळूच आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "इठली सेवा चांगली शे, भाऊ. खोटं कसाले बोलू? पन ती बठ्ठासले भेटाले पाहिजे."

बठ्ठासले, म्हणजे सगळ्यांना. मी चहा आणायला खाली गेलो.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी अक्का गेल्या. मला आठवते ती त्या भेटीची दुपार. मी चहा घेऊन आलो तर खोली रिकामी. शोधत गेलो, तर खालच्या जनरल वॉर्डात सापडल्या. स्वतःच्या सलाईनची बाटली एका हातात धरून त्या बोदवडच्या एका बाईच्या खाटेवर बसल्या होत्या. तासाभरानं त्या बाईचं ऑपरेशन होतं आणि ती रडत होती.

"डोळे पूस. मोकळ्या केसांनी आत जातात का?" अक्का तिला दटावत होत्या.

मला पाहताच त्यांनी बाटली माझ्या हाती दिली आणि तिच्या केसांचे दोन भाग केले. दुसरी वेणी घालून होईपर्यंत मी बाटली उंच धरून उभा होतो.