भाचीच्या अल्बममधलं चौथं गाणं

माझी भाची रॉक गाते आणि गाते येशूवर. आमच्या मंडळीत पेटी-ढोलकीवर गीतं म्हणणाऱ्या बायकांना हे पचायला वेळ लागला. मला नाही लागला. गिटार असो की पेटी, सूर नीट लागला म्हणजे झालं.

पहिला अल्बम करायचं ठरलं तेव्हा ती नवी मुंबईहून माझ्याकडे दहा दिवस राहायला आली. आगरदांड्याच्या जेटीवर माझी वडापावची टपरी आहे. पलीकडून दिघीची फेरीबोट लागली की गाड्या उतरतात, थोडा वेळ नुसती धावपळ, मग पुढच्या बोटीपर्यंत बटाटे सोलायचे. श्रद्धा आणि आयुष्याचा उद्देश, हा तिच्या अल्बमचा विषय. वही घेऊन ती बाकावर बसायची.

"मावशी, देवानं तुला कशासाठी बनवलंय असं वाटतं?"

"सध्या तरी वड्यांसाठी. हे बटाटे धर."

"सीरियसली विचारतेय गं!"

"मीपण सीरियसलीच सांगतेय. साल पातळ काढ."

हात कामात असले की माणूस बोलून जातो. पाचव्या-सहाव्या दिवशी मी तिला ते सांगितलं. कोणाला सांगितलं नव्हतं, आणि ती वीस वर्षांची पोर समोर बसून ऐकत होती, म्हणून सांगितलं. यापलीकडे मला कारण सापडलेलं नाही.

माझा नवरा खलाशी होता. अर्धांगवायूचा झटका आला आणि दीड वर्ष तो अंथरुणावर होता. घर टपरीपासून पाच मिनिटांवर. दिवसातून वीस वेळा मला बोलावणं यायचं. पाणी हवं, पंखा कमी कर, उशी सरकव. एका दुपारी सासू तळा गावी धाकट्या मुलाकडे गेली होती. सहलीच्या दोन बसगाड्या जेटीवर थांबल्या होत्या. शेजारीण आली आणि म्हणाली, "तो तुला बोलावतोय. लगेच ये म्हणतोय." मला वाटलं, पंखा असणार. घाणा कढईत होता. तो काढला, मग दुसरा सोडला, तोही काढला. बसगाड्या मार्गी लावून घरी गेले तेव्हा तो गेला होता. एकटाच होता.

सासूला मी सांगितलं की तो झोपेत गेला. शेजारीण भली, तिनं तोंड उघडलं नाही. त्या आठवड्यापासून रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत सासू एक वाक्य म्हणायची: "प्रभू, माझ्या लेकाला झोपेत, शांतपणे नेलंस, तुझे आभार मानते." आणि मी आमेन म्हणायचे. रोज.

हेही भाचीला सांगितलं. वर म्हटलं, "हे इथंच ठेव. माझ्या सासूच्या कानावर जायला नको."

तिचे डोळे भरले होते. "मावशी, हे माझ्यापाशीच राहील," ती म्हणाली.

वर्षभरानं अल्बम आला. पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेनंतर देवळातच कार्यक्रम ठेवला. दोन गिटार, ड्रम, आणि आमच्या साध्या व्यासपीठावर मावणार नाहीत एवढे मोठे स्पीकर. सासूला मी पुढच्या बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. एका कानानं तिला कमी ऐकू येतं. पहिली तीन गाणी चांगली झाली. म्हाताऱ्याही टाळ्या वाजवत होत्या. मला अभिमान वाटला, तो नाकारत नाही.

चौथ्या गाण्याआधी तिनं माईक हातात घेतला. "हे गाणं मला माझ्या मावशीनं दिलं. ती इथेच बसलीय. तिची साक्ष आहे ही."

तेव्हाच मला कळलं. उठून तिच्या हातातला माईक घ्यायला हवा होता. मी बसून राहिले.

"कढईपाशी निरोप आला, धनी बोलावतो घरी,
प्रभू म्हणाला, थांब लेकी, सेवा कर ही पुरी."

यमक बरोबर होतं. पुढच्या कडव्यात धनी एकटा जातो आणि स्वर्गातून बायकोकडे बघून हसतो. ड्रम असे वाजत होते की कमी ऐकू येणाऱ्या कानातही शब्द न् शब्द गेला असेल. लोक उभे राहिले. बायका पदरानं डोळे पुसत माना वळवून मला बघत होत्या. सासू बघत नव्हती. ती मांडीवरच्या बायबलचं कव्हर बोटानं सारखं करत होती.

घरी आल्यावर तिनं चपला काढल्या, पाणी प्यायलं आणि विचारलं, "निरोप घेऊन कोण आली व्हती?"

मी शेजारणीचं नाव सांगितलं.

"म्हंजे शुद्धीत व्हता तो. बोलत व्हता."

"होय, आई."

"आन् तू मला सांगितलंस, झोपेत गेला."

"होय."

"एवढे दिस मी देवाचे आभार मानत व्हते, आन् तू शेजारी बसून आमेन म्हणत व्हतीस?"

मी डाळ-तांदूळ धुवायला घेतले. ती रडली असती, ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला फोन केला.

"मावशी, चिडलीस का गं? मी नाव नाही घेतलं."

"आगरदांड्यात कढई आणि मेलेला नवरा, असं किती जणींचं आहे?"

"पण लोक रडतात गं ऐकून. किती मेसेज आलेत तुला माहीत नाही. कितीतरी बायका म्हणतात, आमचं ओझं उतरलं."

"कुणाच्या डोक्यावर उतरलं, ते ये आणि बघ."

ती हळूच म्हणाली, "मी तर तुला चांगलंच दाखवलं ना?"

तेच मला जास्त लागलं होतं. मी सांगितलं, "मला कोणी थांब म्हटलं नाही. देवानंही नाही. मी थांबले, कारण मी थकले होते आणि मला वाटलं पंखा असणार. एवढं तरी माझं राहू द्यायचंस. ती ओळ काढ."

"आता कशी काढू? रिलीज झालंय. आणि मावशी, ती ओळ काढली तर गाण्यात उरतं काय?"

उरतं काय ते मला माहीत होतं. तिला नको होतं. मी फोन ठेवला.

आता जेटीवर गाड्यांमधून कधीकधी ते गाणं ऐकू येतं. परवा एक जोडपं बोटीतून उतरलं. बाई म्हणाली, "तुम्हीच का त्या गाण्यातल्या मावशी? एक फोटो काढू?" मी म्हटलं, "वडे गरम आहेत, किती देऊ?" त्यांनी दोन घेतले आणि फोटो कढईचा काढला.

सासू माझ्याशी कामापुरतं बोलते. त्या कार्यक्रमाच्या रविवारी संध्याकाळी ती नेहमीसारखी प्रार्थनेला बसली आणि म्हणाली, "आजपासून प्रार्थना तूच सांग. माझ्या तोंडून खोटं वदवू नको." मला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना येत नाही. म्हणून मी प्रभूची प्रार्थना म्हणते. ती सगळ्यांना पाठ असते आणि त्यात कोणाला स्वतःचं काही सांगावं लागत नाही. आम्ही दोघी ती मिळून म्हणतो. मध्ये क्षमेचं वाक्य येतं, जशी आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हांला कर. तिथे माझ्यापुढे भाची उभी राहते आणि मी घाईनं पुढे सरकते. सासूही बरोबर त्याच वाक्यावर घाई करते. तिच्यापुढे कोण उभं राहतं, ते मला विचारावं लागत नाही.

मग आमेन म्हणतो आणि मी पानं वाढायला घेते.