उंटसाहेबांची मापं

शिंपीकाकांचा भरवसा दोनच गोष्टींवर होता: स्वतःच्या कात्रीवर आणि मापांच्या वहीवर. सगळीकडे ते एकच पासवर्ड वापरत, दुकानाचा फोन नंबर.

"बाबा, तो नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवलाय!" लेक फोनवर ओरडली. "कुणाच्या डोक्यात येणार नाही असा नवा घ्या. आणि भिंतीवर चिकटवू नका."

काकांनी बरंच डोकं खाजवलं आणि वहीत एक खोटं गिऱ्हाईक घुसवलं. उंटसाहेब: छाती ७, गळा ५२, बाही ९३. नाव आणि आकडे सलग लिहिले की झाला पासवर्ड! वही चोरीला गेलीच, तर चोर फार तर सदरा शिवत बसेल.

आज सकाळी लेक बाळंत झाली. जावयाने नातीचे फोटो काकांच्या ईमेलवर धाडले. काकांचा मोबाइल नुसता बोलण्यापुरता, म्हणून काका-काकू दोघं दुकानातल्या संगणकापुढे बसली. काकांनी वहीत बघून पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला. तीच रड. 'आणखी एकदा चुकल्यास खाते बंद होईल,' असं पडद्यावर आलं.

काकांनी चष्मा पुसून वही डोळ्यांशी नेली. छाती ४०, गळा १५, बाही २४.

"अगं, वहीला हात कोणी लावला?"

"मी," काज करता करता काकू म्हणाल्या. "बावन्न इंच गळा? तुमची नजर गेली म्हणायची! खोडलं आणि माणसासारखं लिहिलं."

"तो माझा पासवर्ड होता!"

काकूंच्या हातातली सुई थांबली. "म्हणजे नात दिसणार नाही?"

"जुने आकडे आठवतात का?"

"गळा बावन्न, छाती सात... बाही काही आठवत नाही. थांबा, वन्संना ठाऊक असेल."

"ताईला कसं?"

"हसू आवरेना, म्हणून फोनवर सांगितलं होतं."

काकांनी कपाळावर हात मारून बहिणीला फोन लावला. ती शिवणाचा वर्ग घेत होती. "उंटसाहेब का?" असं तिने म्हणायचा अवकाश, मागून दहा-बारा मुली एका सुरात ओरडल्या, "बाही त्र्याण्णव!"

काकांनी एका बोटाने, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलं. खातं उघडलं. दुपट्यात गुंडाळलेली नात थेट काकांकडे बघून जांभई देत होती.

"नाक तुमचंच," काकू डोळे टिपत म्हणाल्या. "बिचारी!"

काकांनी मात्र फोटोतल्या नातीची मापं नजरेनेच घेतली आणि वहीत नवं गिऱ्हाईक लिहिलं. अख्ख्या वर्गाला पाठ झालेला पासवर्ड आता काय कामाचा?

काकूंनी वाकून पाहिलं. "अहो, तीन महिन्यांत ही बाही तोकडी होईल हो."

"होऊ दे. तेव्हा नवी मापं घेऊ आणि पासवर्डही बदलू," काका म्हणाले आणि त्यांनी काकूंचं खोडरबर उचलून गल्ल्यात कुलूपबंद केलं.